सोळा घरांचं यंत्र

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पुण्याहून मिरजेला आला, तो एक चपटा चंदेरी डबा घेऊन. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी तो मित्रांबरोबर गाणंबजावणं करतो. डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मामू, तुमच्या कवितेला चाल लावायची आहे. पण आधी याच्याशी ओळख करून घ्या." आणि तो आईला घेऊन बाजारात गेला.

डबा एखाद्या जाडसर वहीएवढा. वरच्या बाजूला फिरवायच्या खुंट्यांची रांग. खाली पेटीच्या एका सप्तकासारखी मांडलेली बटणं. मला वाटलं, बटण दाबलं की सूर निघेल, दुसरं दाबलं की दुसरा निघेल, यात काय ओळख करून घ्यायची? मी सुरू करायचं बटण दाबलं आणि भाच्यानं आधी भरून ठेवलेली सुरावट वाजायला लागली. संपली, की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा संपली, पुन्हा पहिल्यापासून. आवाज असा, की पिंपात भुंगा कोंडला आहे आणि कुणीतरी झाकण उघडझाप करतं आहे. थांबवायचं कसं ते कळेना. शेवटी मी वायर उपटली.

मग सोबतची माहितीपुस्तिका काढली. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत ती वाचली, तेव्हा एक अजब गोष्ट लक्षात आली. या यंत्रात चाल भरायची तर ती एका दमात भरता येत नाही. आधी नुसते स्वर द्यायचे, एकामागून एक, कालाचा विचार न करता. ते झालं की दुसऱ्या फेरीत नुसता काल द्यायचा. इथे स्वर वाजू दे, इथे आधीचाच लांबू दे, इथे गप्प राहा. अशी जास्तीत जास्त सोळा घरं. स्वर आणि काल यांची ताटातूट करून मग यंत्र त्यांचं लग्न लावतं. गाणाऱ्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही वाटलं. पण थोड्या वेळानं जाणवलं, की अरे, हे तर आपण शाळेत केलेलं आहे!

मराठी शाळेत गुरुजींनी आम्हाला मनाचे श्लोक पाठ करायला लावले होते. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असे चार गट. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे गटाच्या पाच आणि चरणाच्या वीस. घरी अब्बा फारसी-उर्दू शायरीचे शौकीन. ते बोटांवर 'फऊलुन, फऊलुन' मोजायचे. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. त्या बहरचं नाव मुतकारिब. फिरदौसीचा 'शाहनामा' याच बहरमध्ये आहे, फक्त तिथे शेवटचा गट थोडा आखूड होतो. शाळेतला भुजंगप्रयात आणि घरातला मुतकारिब ही एकच चाल आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहिली आणि गझलेची वृत्तं मराठीत रुजवली, ती अशीच दोन्हीकडची गणितं मांडून. वृत्त म्हणजे शब्द येण्याआधी आखलेला काल. घरं आधीच ठरलेली, शब्द नंतर येऊन त्यांत बसतात.

मी यंत्राला सांगितलं, सोळा नकोत, दहाव्या घराशी थांब. पहिल्या घरात स्वर. दुसऱ्यात स्वर, तिसऱ्यात तोच लांबव. चौथ्यात स्वर, पाचव्यात लांबव. पुढची पाच घरं तशीच. झाले दोन गट, दोनदा वाजले की एक चरण. सहा स्वर भरले आणि बटण दाबलं. त्या कोंडलेल्या भुंग्यानं भुजंगप्रयात म्हणायला सुरुवात केली. भाचा परतला तेव्हा मी एकटाच डब्यासमोर मान डोलावत बसलो होतो.

त्या दिवसापासून या यंत्राचा इतिहास शोधण्याचा नाद लागला. आज तोच सांगणार आहे.

आधी दोन शब्दांची फोड करू. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या स्पंदनांपासून नाद घडवणारं यंत्र. त्याला तार नाही, भाता नाही, चामडं नाही. सिक्वेन्सर म्हणजे स्वरांचा क्रम लक्षात ठेवून तो हवा तितक्या वेळा वाजवणारं यंत्र. एक गळा आणि दुसरी स्मरणशक्ती म्हणा ना! या डब्यात दोन्ही एकत्र आहेत.

यातली स्मरणशक्ती विजेपेक्षा फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होते. त्यांनी स्वतःच वाजणाऱ्या बासरीच्या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पाण्याच्या जोरावर एक नळकांडं फिरतं. त्यावर बसवलेले खिळे बासरीची भोकं उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांना हलवतात. खिळ्यांची जागा बदला, धून बदलते. पुढे अल-जझरी नावाच्या कारागिरानं १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात एक नाव दाखवली आहे. तिच्यात वादक बाहुल्या बसलेल्या आहेत आणि फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या त्यांचे हात हलवतात. युरोपातल्या घंटाघरांतली आणि चावी दिली की वाजणाऱ्या छोट्या पेट्यांतली नळकांडी याच जातीची. खिळा आहे तिथे स्वर, खिळा नाही तिथे शांतता. माझ्या भाच्याच्या डब्यात हेच आहे, फक्त खिळ्यांच्या जागी वीज आली आहे.

गळ्याची गोष्ट मात्र अलीकडची. तिच्यात आपल्या मुलखाचं पहिलं भांडण विजेच्या यंत्राशी झालंच नाही, ते पेटीशी झालं. हार्मोनियम युरोपातून आली आणि मराठी रंगभूमीनं तिला डोक्यावर घेतलं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. पण पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती नाहीत. आमच्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नावर कित्येक वर्षं घालवली. १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी आपला गळा दिला. क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुतींची खास पेटीही तयार झाली. पण ती लोकांच्या हातात रुळली नाही. लोकांनी साधीच पेटी वाजवली, आणि गाणाऱ्यांनी मींड गळ्यात ठेवली.

ज्या माध्यमातून मी तुमच्याशी बोलतो आहे, त्या रेडिओनं तर आणखी कडक भूमिका घेतली. १९४० च्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. ती काही अंशी उठायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे तीस वर्षं या देशातल्या सर्वांत लाडक्या वाद्याला रेडिओचा दरवाजा बंद होता. लक्षात घ्या, आक्षेप घेणारे अडाणी नव्हते. त्यांचा मुद्दा खरा होता. पण ज्यांच्या पोटावर पाय आला, ते पेटीवालेही खरेच होते.

रेडिओवर हा प्रकार चालू असताना सिनेमात विजेचं वाद्य मागच्या दारानं आत आलं. १९५४ चा 'नागिन' आठवा. हेमंतकुमारांचं संगीत. त्यातल्या पुंगीवर गावोगावच्या पोरांनी फणा काढून नाच केला. ती पुंगी गारुड्याची नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या छोट्या वाद्यावर ती कल्याणजींनी वाजवली होती. आनंदजींबरोबरची त्यांची जोडी पुढे गाजली. तो नाद यंत्राचा आहे म्हणून कुणी तक्रार केली नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

दुसरा दरवाजा अहमदाबादेत उघडला. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये त्यांच्या नावानं प्रसिद्ध झालेला सिंथेसायझर तयार केला. कपाटाएवढं यंत्र, दोऱ्यांच्या गुंत्यासारख्या वायरी. पाचच वर्षांत, म्हणजे १९६९ मध्ये, त्यातला एक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोचला. त्यामागे गीता साराभाई होत्या. त्या स्वतः पखवाज वाजवणाऱ्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. त्या ओळखीतून केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादेत आला आणि त्यानं स्टुडिओ उभा करून दिला. तिथे काही भारतीय तरुणांनी तीनेक वर्षं प्रयोग केले. मग ते काम थांबलं आणि ध्वनिफिती कपाटात पडल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या. त्यांतली निवड २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे पन्नासएक वर्षं आपल्याकडे हे संगीत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

आता माझ्यासमोरच्या डब्याकडे येतो. तो एका जुन्या जपानी यंत्राची नवी आवृत्ती आहे. मूळ यंत्र रोलंड कंपनीचं, टीबी-३०३. तादाओ किकुमोतो या अभियंत्यानं ते घडवलं आणि १९८० च्या दशकाच्या अगदी आरंभी ते बाजारात आलं. हेतू साधा होता. एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बास गिटार वाजवणारा माणूस मिळत नाही, त्याची जागा या डब्यानं घ्यावी. जोडीला ढोलताशाची जागा घेणारं टीआर-८०८ हे यंत्र १९८० मध्येच आलेलं होतं. ३०३ ची किंमत ३९५ डॉलर आणि ८०८ ची ११९५ डॉलर. म्हणजे आमच्या मिरजेच्या भाषेत बोलायचं तर ३०३ हा हाताशी ठेवायचा स्वस्त साथीदार.

हे साथीदार नापास झाले. ३०३ चा आवाज बास गिटारसारखा नव्हताच. शिवाय स्वर वेगळे, काल वेगळा भरण्याची ती पद्धत गिटारवाल्यांना जमेना. सुमारे दहा हजार नग निघाल्यावर १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. ८०८ त्याच्या आधीच थांबलं होतं. त्याची कथा मला फार आवडते. त्याच्या झांजेतली ती खास चरचर सदोष ट्रान्झिस्टरमधून येत होती. कंपनीनं असे नापास ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. पुढे कारखान्यांचं तंत्र सुधारलं, खराब माल मिळेनासा झाला आणि यंत्र बनवणं बंद पडलं. मिरजेच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीचा माथा अशा बेतानं घासतात आणि तारेखाली दोरा असा सरकवतात, की तार स्वच्छ न वाजता किंचित झणझणावी. त्या झणझणण्यातच स्वराच्या पोटातले बारीक स्वर उघडे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच घोडीच्या करामतीवर. डब्यावरच्या खुंट्यांपैकी एक हेच काम करते. स्वराच्या पोटातले बारीक स्वर झाकते आणि उघडते. पिंपाचं झाकण म्हणालो, ती हीच.

ही नापास होऊ घातलेली यंत्रं मुंबईच्या एका वादकाच्या हाती लागली. त्यांचं नाव चरणजीत सिंग. जन्म १९४० चा. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशांच्या वाद्यवृंदात बास गिटारपासून विजेच्या कळफलकापर्यंत काहीही वाजवणारे. पडद्यावर नाव न झळकणारे, पण ज्यांच्यावाचून गाणं उभं राहत नाही, अशांपैकी एक. सिंगापूरहून त्यांनी ३०३, ८०८ आणि रोलंडचाच ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर आणला. काळ डिस्कोचा होता. १९८० चा 'कुर्बानी' होऊन गेला होता, नाझिया हसनची तबकडी १९८१ मध्ये घरोघरी वाजत होती. चरणजीत सिंगांनी विचार केला, डिस्कोचा ताल यंत्राकडे द्यावा आणि वर राग वाजवावेत. १९८२ मध्ये त्यांनी ती तबकडी केली. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचं नाव. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटं. तीन यंत्रं आणि एक माणूस.

भाच्यानं ती मला फोनवर ऐकवली तेव्हा माझं पहिलं मत वाईट झालं, हे कबूल करतो. ललत पाच मिनिटांत? आणि खाली धाड धाड धाड धाड? दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कान तालावरून निघून रागाकडे गेला. राग मोडलेला नव्हता. ३०३ मध्ये एका स्वरावरून पुढच्यावर घसरण्याची एक सोय आहे. ती घसरण मींड नव्हे. तिला लागणारा वेळ यंत्रानं ठरवलेला, कमीजास्त होत नाही. गाणारा मींड कधी श्वासभर लांबवतो, कधी पापणीएवढी आखूड करतो. पण पेटीला जे अजिबात जमत नव्हतं, ते या स्वस्त डब्याला थोडं तरी जमत होतं. चरणजीत सिंगांनी त्या थोड्याचा पुरेपूर उपयोग केला. खाली स्वरांची घसरती साखळी अखंड फिरते आणि वर माणसाचा हात मोकळा राहतो.

तबकडी चालली नाही. रागवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना राग. ती जुन्या तबकड्यांच्या ढिगात गेली.

आणि तिकडे अमेरिकेत दुसरीच गोष्ट घडली. बंद पडलेलं ३०३ जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागलं होतं. शिकागोतल्या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी एक विकत घेतलं. सोबत माहितीपुस्तिका नव्हती. यंत्र कसं वापरायचं हे ठाऊक नसल्यामुळे ते आत असलेली सुरावट वाजू देत खुंट्या फिरवत बसले. त्या खेळातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाची लांबलचक तबकडी तयार झाली. ती १९८७ मध्ये निघाली, आणि तिच्यातून नृत्यसंगीताची एक नवी शाखाच जगभर पसरली. जे यंत्र साथीदार म्हणून नापास झालं, ते नायक म्हणून पास झालं.

२००२ मध्ये एडो बाउमन हे डच संग्राहक जुन्या तबकड्या शोधत दिल्लीच्या एका दुकानात शिरले. तिथे त्यांना चरणजीत सिंगांची तबकडी सापडली. ऐकल्यावर ते चक्रावले. शिकागोचा म्हणून ओळखला जाणारा नाद मुंबईत पाच वर्षं आधी! २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा युरोपातल्या काही लोकांना ती चक्क बनावट वाटली. हिंदुस्थानातला सिनेमाचा वादक हे १९८२ मध्ये करू शकतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. पण तबकडी खरी होती आणि वादकही मुंबईत हयात होता. सत्तरी ओलांडल्यावर चरणजीत सिंगांनी युरोपात तेच राग, तीच यंत्रं घेऊन कार्यक्रम केले. २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले.

मुंबईनं शिकागोला शिकवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या तिघांनी ही तबकडी ऐकली असेल असं मानायला काही आधार नाही. दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच डब्याला एकच प्रश्न विचारला आणि डब्यानं सारखं उत्तर दिलं, इतकंच. कौतुक करावं ते विचारण्याचं.

इथवर गोष्ट गोड आहे. पण एवढ्यावर थांबलो तर मी माझ्या चाचांशी बेइमानी करीन.

माझे चाचा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत सगळ्यांच्या पुढे. लहानपणी मी त्यांच्या मागून चालायचो. १९९० नंतरच्या काळात त्यांच्या बँडच्या मालकानं एक कीबोर्ड आणि हातगाडीवरचे कर्णे घेतले. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळे आवाज त्या एका पेटीत होते. आधी अठरा माणसं होती, ती नऊ झाली. कमी झालेल्या नऊ जणांत चाचा होते. त्यांनी वाद्य पुसून कपाटावर ठेवलं आणि एका पेट्रोल पंपावर कामाला लागले. तेव्हापासून कीबोर्ड दिसला, की माझ्या कपाळावर आठी यायची. भाच्याच्या डब्याकडे मी आधी ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यामागे ही आठी होती.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सिनेमाच्या वाद्यवृंदात पन्नास-साठ, कधी शंभर वादक बसत. त्यांत गोव्याचे कितीतरी होते. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्याचे, शंकर-जयकिशनची गाणी वाद्यांत बांधणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. १९८० आणि ९० च्या दशकांत सिंथेसायझरनं त्या व्हायोलिनच्या रांगा एका माणसाच्या दहा बोटांत आणून ठेवल्या. रांगेतल्या प्रत्येक खुर्चीमागे एक घर होतं. चरणजीत सिंग ज्या वाद्यवृंदांत वाढले, ते पांगवण्यात त्यांनी आवडीनं आणलेल्या यंत्रांच्या भावंडांचा हात होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक सांगून दुसरी लपवता येत नाही.

आमच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी आहेत. पूर्वी शस्त्रांना धार लावणारे शिकलगार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या कामाकडे वळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेचा तंबोरा आला, आता तर तो फोनमध्ये असतो. गल्लीतल्या भोपळ्यांची रास त्यामुळे किती घटली, हे ती गल्लीच जाणते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण मानांकनानं नाव सुरक्षित होतं, गिऱ्हाईक वाजवणाऱ्यांतूनच यावं लागतं.

तर भाच्याच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस. त्याच्या पोतडीतून दुसरा डबा निघाला, ८०८ च्या वंशातला. त्याच्यावर सोळा बटणं एका ओळीत. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. तालाची जाण असलेल्या कुणालाही ती ओळ पाहून तीनताल आठवेल. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. भाच्यानं पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं बटण दाबलं. डिस्कोचा ठोका तयार झाला. वर माझ्या सोळा मात्रांच्या पादाकुलकातल्या ओळींची चाल.

चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते खाटेवर बसून ऐकत होते आणि मांडीवर हात चालू होता. पहिल्याला टाळी, पाचव्याला टाळी. नवव्याला त्यांचा हात मांडीवर पडला नाही. तो तळवा वर करून बाजूला गेला. तेराव्याला पुन्हा टाळी. पुढच्या आवर्तनात तेच. यंत्र नवव्याला ठोका मारत होतं आणि चाचांचा हात तिथे हवेत जात होता.

भाच्यानं विचारलं, "नाना, हे काय?"

"खाली आहे रे ती. तिथे नाही मारायचं."

मी ते तोवर पाहिलंच नव्हतं. तीनतालात नववी मात्रा ही खाली. हात उघडा करून दाखवायची जागा. तिच्यामुळे गाणाऱ्याला कळतं, की आपण आवर्तनाच्या कुठल्या अर्ध्यात आहोत. यंत्राला ठोका माहीत आहे आणि ठोका नसणं माहीत आहे. रिकामं असूनही जिथे हात दाखवतात, अशी जागा त्याला ठाऊक नाही. ती माणसालाच सांगावी लागते.

भाच्यानं नववं बटण बंद केलं. दोन आवर्तनं ऐकून म्हणाला, "लंगडतंय."

"अजून चार ऐक," चाचा म्हणाले.

त्यानं ऐकली. पुढे काही बोलला नाही, बटणही पुन्हा चालू केलं नाही. चाचांनी डबा हातात घेऊन उलटा करून पाहिला, वजन अजमावलं आणि विचारलं, "लाइट गेली तर?" भाचा म्हणाला, बॅटरीवरही चालतो. "आणि वरातीत चालता चालता वाजवता येतो का?" याचा विचार भाच्यानं केलेला नव्हता. चाचांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी स्टुलावर चढून क्लॅरिनेटची पेटी खाली काढली. आतला कापूस पिवळा पडला होता. रीड मात्र नवीन आणावी लागणार होती. भाचा पुण्याला गेल्यावर त्यानं दोन पाठवून दिल्या.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)